मदत हवी आहे: थंडीतल्या कॅम्पिंगसाठी मोठी सॅक

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. जानेवारीत आम्ही चौघे मित्र उत्तराखंडात केदारकंठा शिखराचा ट्रेक करणार आहोत. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. इकडे जांबोटी-कणकुंबीच्या थंडीला माझी 45 लिटरची सॅक पुरते, पण जाड स्लीपिंग बॅग कोंबली की तिच्यात जेवणाचा डबाही मावत नाही.

60 लिटर पुरेल की 70 घेऊ? खरी अडचण मापाची आहे. माझी पाठ आखूड, मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत जेमतेम 43 सेंटिमीटर. मोठ्या सॅकचा पट्टा कमरेच्या हाडाखाली घसरतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. त्यामुळे पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारीच हवी.

परदेशात शिकारीला वापरतात त्या फ्रेमच्या सॅकही बघितल्या. भक्कम आहेत, पण मांस वाहायला केलेली ती जड फ्रेम आपल्याला कशाला?

जाड हातमोज्यांनी बकल उघडतात का, खालच्या कप्प्याची चेन बर्फात अडकते का, हे वापरलेल्यांनी जरूर सांगा. आणि बेळगाव किंवा कोल्हापुरात पंधरा किलो भरून, पाठीवर घेऊन बघू देणारं दुकान कुणाला माहीत आहे का?