थंडीचा स्प्रे हापूसवर मारू काय?

देवगडचो बागवालो: पहाटे गारठा जाम वाढलाय, मोहोर नुकताच फुललाय आणि दुकानदार मागे लागलाय की अँटीफ्रीझ स्प्रे मारा नायतर झाडं गोठतील. कोणी मारलाय काय?

आंबाप्रेमी: अरे आपल्याकडे दव पडतं, बर्फ नाय! पाणी गोठायला 0 अंश लागतं, ते निफाडच्या द्राक्षवाल्यांचं दुखणं. तेपण शेकोट्याच पेटवतात.

दापोलीकर: आपला त्रास वेगळा, थंडी लांबली की कणी (बारीक फळं) धरलेल्या फांदीवर परत मोहोर येतो आणि आधीची कणी गळते. त्यावर दापोली कृषी विद्यापीठाची शिफारस जिब्रेलिक ॲसिड (झाडाचं वाढ-संजीवक) 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटरला 1 ग्रॅम, पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर. पावडर आधी अल्कोहोलात विरघळव हां, थेट पाण्यात नीट विरघळत नाय.

देवगडचो बागवालो: बरा झाला विचारलंय, डबा परत देतंय.