रक्तातील अल्कोहोल सारखेच असेल, तर स्त्री-पुरुषांच्या मेंदूवरील परिणामही सारखाच होतो का?

जिज्ञासू: मद्यामुळे स्त्रियांच्या मेंदूची हानी लवकर होते, असे वाचनात येते आणि कारण म्हणून शरीरातील पाण्याचे प्रमाण सांगितले जाते. कारण एवढेच असेल, तर रक्तातील पातळी सारखी ठेवल्यावर फरक उरायला नको. मग मेंदूतील प्रतिकारपेशींचा उल्लेख कशासाठी होतो?

जीवरसायन: पाण्याचा मुद्दा आधी संपवू. रक्तातील अल्कोहोलचा अंदाज देणाऱ्या विडमार्कच्या सूत्रात, शरीराच्या किती भागात अल्कोहोल पसरते हे दाखवणारे सरासरी गुणक पुरुषांसाठी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ धरतात. ६० किलो वजनाच्या दोघांनी २८ ग्रॅम अल्कोहोल घेतले, तर १०० मिलिलिटर रक्तात पुरुषाच्या बाबतीत सुमारे ६९ आणि स्त्रीच्या बाबतीत ८५ मिलिग्रॅम अल्कोहोल येते. फरक मोठा आहे. पण तो मात्रेचा आहे, मेंदूच्या प्रतिसादाचा नव्हे.

काचपट्टी: प्रतिसादाचे मला विचारा, कारण उंदरांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यातच माझा दिवस जातो. मायक्रोग्लिया ही मेंदूतील मुख्य प्रतिकारपेशी. शांत असताना तिच्या बारीक फांद्या दूरवर पसरलेल्या दिसतात. वारंवार अल्कोहोल दिलेल्या प्राण्यात त्या आखूड व जाड होतात आणि पेशीचे अंग फुगते. अल्कोहोलमुळे टीएलआर-४ हा ग्राही (पेशीवरील संदेश टिपणारे प्रथिन) चेतवला जातो, त्यातून पेशीच्या केंद्रकापर्यंत संदेश पोहोचतो आणि आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाहजनक प्रथिने तयार होतात. आतड्याचे अस्तर सैल होऊन जिवाणूंचे अंतर्विष रक्तात उतरते, तेही या आगीत तेल ओतते. आयएल-१ बीटा प्रमाणाबाहेर वाढले की मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशींचे जोड टिकाऊपणे बळकट होण्याची प्रक्रिया बिघडते, आणि नवे लक्षात राहण्याचा पाया तीच आहे.

टीएलआर-४ नसलेले उंदीर या दाहापासून बऱ्याच अंशी बचावतात. किशोरवयीन उंदरांना थोड्या वेळात भरपूर अल्कोहोल दिले असता दाहजनक प्रथिनांची वाढ माद्यांत अधिक आढळल्याचे प्रयोगही आहेत. म्हणून ‘पातळी सारखी तर परिणाम सारखा’ हे गृहीतक टिकत नाही.

साशंक: एक दुरुस्ती सुचवतो. ‘माद्या अधिक नाजूक’ असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नये. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक एरवी बहुधा दाह आवरते, पण अल्कोहोलच्या सान्निध्यात त्याची भूमिका बदललेली दिसू शकते. शिवाय वय, मेंदूचा भाग आणि मद्य बंद केल्यापासून उलटलेला काळ यांनुसार निकाल फिरतो. स्मरणाच्या काही चाचण्यांत माद्या मागे पडतात, तर काहींत नर. चार-पाच दिवसांचे ऋतुचक्र निकाल गढूळ करील या सबबीखाली कित्येक दशके माद्यांना प्रयोगांतून वगळले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधनात नर-मादी भेदाचा विचार अपेक्षित धरण्याचे धोरण थेट २०१६ साली लागू केले, हा उशीर मला आजही लाजिरवाणा वाटतो.

जिज्ञासू: म्हणजे मात्रेतील फरक आणि प्रतिसादातील फरक एकमेकांवर चढतात, असे समजू का?

काचपट्टी: होय. माणसांत मात्र थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) कमतरता आणि यकृताचा आजारही त्यात मिसळतात, त्यामुळे विसराळूपणातला दाहाचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते.