लोकमान्यनगरात घरपोच चांगला पिझ्झा कोण देतं? आज संध्याकाळीच हवाय

चिमणी (दुपारी २.४०)
मंडळी, घाईत लिहितेय. लोकमान्यनगरमध्ये बरा पिझ्झा घरपोच देणारं कोणी माहीत आहे का? साडेसातपर्यंत हवा. दीर-जाऊबाई मुलांना घेऊन आले आहेत आणि मुलांनी सकाळपासून पिझ्झा पिझ्झा करून डोकं खाल्लंय. ॲपवर ढीगभर दुकानं दिसतात, सगळ्यांना चार-सव्वाचार तारे आणि फोटोही सगळ्यांचे तेच. मागे अशाच एका ठिकाणाहून मागवला होता. चीज सगळं खोक्याच्या झाकणाला, खाली पाव गिच्च ओला, आणि सॉस म्हणजे निव्वळ टोमॅटोचा मुरंबा. पुन्हा ते नको. पातळ असेल तर उत्तम. आणि घरी चालेल असा हवा. मोठ्या साखळ्या सुचवू नका, त्या मला माहीत आहेत. फक्त नावं आणि अनुभव द्या, बाकी काही नको.

पेठेतला (२.५२)
शास्त्री रस्त्याकडून आत वळल्यावरचं लोकमान्यनगर ना? मग घरपोच कशाला हवं? टिळक रस्त्यापर्यंत चालत या, वाटेत चार तरी ठिकाणं लागतील. चालल्याने भूकही लागेल.

ठाणेकर_मावशी (२.५५)
आमच्या ठाण्याचं लोकमान्यनगर असेल तर आमच्या सोसायटीखालीच एक मुलगा छान करून देतो. पण तो सोमवारी बंद. आज काय वार आहे?

चिमणी (३.०१)
इंदूर हो! माझ्या आयडीखाली लिहिलेलं आहे. केसरबाग रोडचं लोकमान्यनगर.

पेठेतला (३.०३)
आयडीखालचं मोबाइलवर दिसत नाही. धाग्याच्या नावात शहर टाकायला काय झालं?

जुना_इंदूरकर (३.०८)
ताई, इंदुरात राहून पाहुण्यांना पिझ्झा? कमाल आहे. सराफ्यात घेऊन जा त्यांना. भुट्ट्याचा कीस खाऊ घाला, खोबऱ्याची पॅटिस खाऊ घाला, वर जिलबी. मुलं पिझ्झ्याचं नावसुद्धा घेणार नाहीत. गराडू (तळलेला कंद) मात्र आत्ता मिळणार नाही, तो थंडीतला. सकाळी पोहे-जिलबी खाऊ घातली की नाही?

चिमणी (३.१२)
काका, सराफ्यातली खाण्याची रौनक सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर सुरू होते आणि ही मुलं नऊला आडवी होतात. बाहेर पाऊस किती आहे बघताय ना? सकाळी पोहे झाले, कालही झाले. आता मुलांना पिझ्झा हवाय.

मैदा_नको (३.१५)
मुलांना मैदा देऊच नये असं माझं मत. ज्वारीच्या भाकरीवर टोमॅटोची चटणी, किसलेलं पनीर आणि ढोबळी मिरची घालून तव्यावर झाकण ठेवा. आमच्याकडे मुलं आवडीने खातात. चीजपण लागत नाही.

सुदामनगरी (३.१७)
मैदा नाही, चीज नाही, मग तो पिझ्झा कसला? भाकरीच आहे ती. तिला भाकरी म्हणा, छान लागते.

मैदा_नको (३.२०)
नावाने काय फरक पडतो? पोटात काय जातं ते महत्त्वाचं.

भट्टीवाला (३.२४)
ताई, नाव सांगण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारतो. मी बरीच वर्षं हॉटेलच्या भट्टीवर होतो म्हणून. व्हेज ना? माणसं किती? आणि ‘घरी चालेल असा’ म्हणजे नक्की काय?

चिमणी (३.२९)
व्हेज, अर्थातच. आठ जण. आणि ‘घरी चालेल असा’ म्हणजे सासूबाईंचा चातुर्मास आहे हो, कांदा-लसूण घरातच येत नाही. यात विचारण्यासारखं काय आहे?

आंबट_गोड (३.३१)
अगं, मग हे सगळ्यात आधी लिहायचं ना! अर्ध्या दुकानांवर इथेच काट बसली. कांदेनवमीला उरकून टाकायचं होतं. आमच्याकडे त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, लसणाची चटणी, सगळं पोटभर होतं आणि मग कार्तिकीपर्यंत कुणी नाव काढत नाही.

चिमणी (३.३३)
दीर काल आले. कांदेनवमी त्यांच्यासाठी थांबणार होती का?

भट्टीवाला (३.४६)
मग ऐका. तुमचा प्रश्न पिझ्झ्याचा कमी आणि सॉसचा जास्त आहे. दुकानदाराला ‘कांदा-लसूण घालू नका’ एवढंच सांगितलं तर तो वरचा कापलेला कांदा काढेल आणि ‘हो ताई’ म्हणेल. पण लसूण सॉसमध्ये असतो. सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवलेला असतो, नाहीतर तयार डब्यातला असतो. त्यातून तो तुमच्यासाठी लसूण बाहेर काढणार थोडाच? म्हणून फोन करून सरळ विचारा, ‘जैन सॉस वेगळा ठेवता का?’ नुसतं ‘जैन मिळेल’ म्हणाला तरी सॉसचं पुन्हा विचारा. इंदुरात जैन गिऱ्हाईक भरपूर आहे, वेगळा सॉस ठेवणारे नक्की मिळतील.

दुसरं, कडेला बटर लावतात ते बरेचदा लसणाचं असतं. ते नको म्हणून सांगा.

तिसरं, सोबत येणाऱ्या सीझनिंगच्या पुड्या. ओरेगॅनो म्हणून जे देतात त्यात बऱ्याचदा लसणाची नाहीतर कांद्याची पूड असते. पुडीच्या पाठीवर घटक लिहिलेले असतात. वाचा आणि मगच ताटात ठेवा.

जुना_इंदूरकर (३.५०)
ओरेगॅनो हवाच कशाला? जिरावण घाला वरून, आपला पोह्यांवरचा मसाला. आणि थोडी बारीक शेव. खाऊन बघा, मग बोला.

पेठेतला (३.५१)
पिझ्झ्यावर शेव. घ्या.

जुना_इंदूरकर (३.५३)
तुमच्याकडे मिसळीवर घालता ना? आम्ही सगळ्यावर घालतो. पोटात एकच आहे सगळं.

शंकासुर (३.५८)
एक मूलभूत प्रश्न. चीज करताना दूध गोठवायला रेनेट घालतात आणि ते वासराच्या पोटातून काढतात. कांदा-लसूण वर्ज्य आणि हे चालतं? शिवाय बेसमध्ये यीस्ट असतं, म्हणजे सूक्ष्मजीव. याचा विचार केलाय का?

भट्टीवाला (४.०४)
वासराचं रेनेट ही परदेशातली जुनी पद्धत, अजूनही काही चीजना वापरतात. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये ते नसतं, सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. आणि यीस्ट चातुर्मासात चालत नसेल तर पाव-बिस्किटंही बंद करा.

शंकासुर (४.०६)
बिस्किटांत यीस्ट नसतं.

चिमणी (४.०८)
कृपा करा, सासूबाईंना हे कुणी सांगू नका. त्या पाव खातात, चीज खातात, वांगं आणि कांदा-लसूण खात नाहीत. बस. कुणी दुकानाचं नाव देणार आहे का? चार वाजून गेले.

आंबट_गोड (४.१०)
म्हणजे सासूबाई स्वतः खाणार आहेत? मला वाटलं फक्त घरात येऊ द्यायचा नाही एवढंच.

चिमणी (४.११)
खाणार म्हणजे काय, सगळ्यात जास्त हौस त्यांनाच.

भट्टीवाला (४.१४)
त्यांचे दात कसे आहेत?

चिमणी (४.१५)
कवळी आहे.

भट्टीवाला (४.२२)
अहो मग पातळ कुरकुरीत कसा चालेल? शिवाय पातळ पिझ्झा लवकर गार होतो आणि गार झाला की कडक आणि चिवट होतो. भट्टीतून काढल्या काढल्या खायचा पदार्थ आहे तो. पावसात स्कूटरवरून आलेला नाही. सासूबाईंसाठी एक जाड, मऊ बेसचा घ्या, बाकीचे पातळ.

मागच्या वेळी ओला का झाला तेही सांगतो. गरम पिझ्झा खोक्यात बंद केला की वाफ आतच फिरते आणि पाणी होऊन बेसमध्ये मुरते. चांगल्या खोक्याला वाफ जायला भोकं असतात. पावसात वरून प्लास्टिकची पिशवी बांधली की तीही बुजतात. पिझ्झा घरात आला की आधी झाकण उघडा, पैसे मग द्या. आणि दुकानात सांगून ठेवा की कापू नका. कापलेल्या फटींतून सॉस खाली उतरतो आणि तुकडे ओले होतात. घरी सुरी आहेच. चीज झाकणाला लागतं ते खोका तिरपा धरल्यामुळे, त्यात दुकानाचा दोष कमी.

तवेवाली (४.२५)
याला माझी जोड. आल्यावर लोखंडी तवा तापवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, शेवटचा मिनिटभर झाकण. खालून कुरकुरीत, वर चीज पुन्हा मऊ. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, बेस चामड्यासारखा होतो.

आंबा_आंबवा (४.३१)
खरं सांगू का, हे सगळे जुगाड आहेत. घरीच करा. नैसर्गिक आंबवणाचा कणकेचा गोळा ७२ तास फ्रिजमध्ये मुरवायचा. पाण्याचं प्रमाण ६५ टक्के. दगड ठेवून ओव्हन पूर्ण तापवायचा. बाहेरचं पुन्हा मागवणार नाही.

चिमणी (४.३२)
७२ तास?

आंबा_आंबवा (४.३४)
४८ सुद्धा चालतील.

भट्टीवाला (४.३७)
नेपल्सच्या भट्टीत ४३० ते ४८० अंश असतात, पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. घरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) २५०ला दमतो. दगडाने फरक पडतो, कबूल. पण पाहुणे घरात बसलेत आणि तुम्ही परवाच्या कणकेच्या गोष्टी सांगताय.

इतिहासवेडा (४.४४)
नेपल्सचा विषय निघालाच आहे तर, मार्गेरिटा हे नाव १८८९मध्ये तिथे आलेल्या राणीवरून पडलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. इतिहासकारांना ती पटत नाही. तिच्या आधीपासून तिथे टोमॅटो-चीज-तुळशीचा पिझ्झा खात होते. २०१७मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे पहिल्या मोठ्या पिझ्झा साखळ्या १९९६मध्ये आल्या. त्यातली एक दिल्लीत सुरू झाली आणि ३० मिनिटांत नाही आला तर फुकट, म्हणायची. डिलिव्हरीचं वेड तिथून लागलं.

सुदामनगरी (४.४८)
आमच्याकडे फुकटच मिळाला असता नेहमी. सुदामानगरचे सेक्टर डिलिव्हरीवाल्यांना कधी कळलेत? नंबर तोच, सेक्टर दुसरा, आणि पिझ्झा तिसऱ्याच घरी. चिमणीताई, पत्त्यात नुसता घर नंबर लिहू नका, जवळच्या देवळाची किंवा दुकानाची खूण लिहा आणि नकाशावरची पिन स्वतः सरकवून गेटवर आणा. अर्धा उशीर तिथेच होतो.

आता कामाचं. आमच्या घरीही लसूण नाही (आम्ही माळकरी, बारा महिने), म्हणून एक जागा पक्की माहीत आहे. अन्नपूर्णा रोडकडची. सॉस वेगळा ठेवतात, मी आत जाऊन बघितलाय. तुमच्याकडे देतील, लांब नाही. नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. इथे लिहिलं की जाहिरात जाहिरात म्हणून बोंब होते.

पेठेतला (४.५०)
सगळी नावं व्यनितच जाणार असतील तर धागा कशाला काढायचा?

शंकासुर (४.५१)
पेठेतल्यांनी इंदूरच्या दुकानाचं नाव घेऊन काय करायचंय?

चिमणी (४.५५)
सुदामनगरी, मिळालं. आभार. ॲपवर शोधलं तर त्याच पत्त्यावर आणखी तीन वेगळ्या नावांची दुकानं दिसतात. एक बिर्याणीचं आहे! हे काय?

भट्टीवाला (५.०३)
ॲपवर दुकानाच्या माहितीत खाली अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर असतो. दोन नावांचा नंबर आणि पत्ता तोच असला तर स्वयंपाकघर एकच, पाट्या वेगळ्या. त्यात वाईट काही नाही, पण बिर्याणी शिजते तिथे कांदा-लसूण असणारच. व्हेज बिर्याणी आहे का तेवढं आधी बघा. मग ॲप सोडा आणि फोन करा.

आणि मेनूत नुसतं ‘चीजी टॉपिंग’ लिहिलंय की मोझरेला, तेही विचारा. वनस्पती तेलापासून केलेला चीजसारखा पदार्थ स्वस्त मिळतो. तो गरम असताना तेल सोडतो आणि गार झाला की रबर.

मैदा_नको (५.०६)
सगळं पाकिटातलं चीज तसलंच असतं.

भट्टीवाला (५.०८)
नाही. प्रोसेस्ड चीज खऱ्या चीजपासूनच करतात. दुधाच्या चरबीऐवजी तेल घातलं तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. भाकरीवाल्यांनी चीजच्या भानगडीत पडू नये.

मैदा_नको (५.०९)
वैयक्तिक टीका नको.

चिमणी (५.२०)
फोन केला. बिर्याणी व्हेजच आहे, तिचं पातेलं आणि कढई वेगळी म्हणाले. जैन सॉस वेगळ्या डब्यात. मी म्हटलं साखर कमी, तर म्हणाला, ‘मॅडम, इंदौर में थोड़ा मीठा तो चलता है.’ तीन पातळ, एक जाड. कापू नका म्हणून तीनदा सांगितलं. सव्वासातला पाठवतो म्हणालाय.

आंबट_गोड (५.२२)
आठ माणसांना चार पुरतील?

चिमणी (५.२३)
सोबत भात-आमटी आहे. दिरांना पिझ्झा आवडतच नाही.

आंबट_गोड (५.२४)
हेही आत्ता सांगतेस!

चिमणी (रात्री ९.३५)
आला. पाऊण तास उशिरा, पण पावसात भिजलेल्या त्या पोराला काय बोलणार, चहा दिला. चारांतले दोन कापलेले निघाले. तेच दोन मधे ओले होते, भट्टीवाले म्हणाले तसेच. तव्यावर ठेवले तर खालून खरंच सुधारले. सॉस गोड आहेच, पण मागच्यापेक्षा पुष्कळ बरा. एका पुडीवर ‘गार्लिक पावडर’ छापलेलं होतं, ती बाजूला काढली. मग सासूबाईंनी स्वतःच जिरावण मागितलं.

जुना_इंदूरकर (९.४१)
मी काय म्हणत होतो!

तवेवाली (९.४४)
फोनवर मागवलंत तर पैसे कसे पडले? ॲपपेक्षा जास्त की कमी?

चिमणी (९.५२)
कमी. प्रत्येक पिझ्झ्यामागे फरक होता आणि पोचवण्याचे वेगळे घेतले नाहीत. ॲपवाले दुकानाकडून कमिशन घेतात म्हणून तिथे किमती चढवून लावतो, असं तोच म्हणाला. पुढच्या शनिवारी पुन्हा मागवून बघणार आहे, तेव्हाही बरा आला तर नाव इथेच लिहीन. तोवर हवं असेल त्यांनी व्यनि करा.

राजेंद्रनगर_वाली (१०.१०)
मला करा. आणि आमच्याकडे वांगं चालतं.