बालवाडीच्या बोर्डाला गोलसर मराठी फॉन्ट कुठला घ्यावा?

लातूरकर:
बहिणीच्या बालवाडीचा बोर्ड आणि भिंतीवरचे तक्ते करायलोय, फ्लेक्सवाला तेच ते टोकदार जाड अक्षर दाखवायलाय, लेकरांना जवळचं वाटेल असं गोलसर काही आहे का, फुकट असलं तर लई बरं.

परभणीचा डीटीपीवाला:
दादा, बलू २ बघा. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलाय, गुगल फॉन्ट्सवर मिळतो, लायसन्स ओपन आहे त्यामुळं छापायला पैसे नाहीत. रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत. नावाला एक्स्ट्रा बोल्ड जबरदस्त दिसतं, पण तेच बारीक साइजला वापरू नका, ध, भ, क्ष यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि लेकरू ध आणि घ मध्ये गोंधळतं. तक्त्यावरच्या बारीक मजकुराला त्याच घरचा मुक्ता घ्या, साधा आहे पण वाचायला सुखाचा.

नांदेडची ताई:
वरच्या दादांचं पटलं. एक सांगते, अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात. आणि बलू हा युनिकोड (सगळीकडं चालणाऱ्या अक्षर-संकेताचा) फॉन्ट आहे, श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं त्यावर टाकलं की कचरा दिसतो, आधी कन्व्हर्ट करून घ्या.

लातूरकर:
ताई, दादा, मनापासून आभार. फ्लेक्सवाल्याकडं फॉन्ट नसेल तर?

परभणीचा डीटीपीवाला:
कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे कर्व्हज करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, पीडीएफ द्या, पण आधी जोडाक्षरं नीट वाचून बघा, नंतर दुरुस्त होत नाही.