'द एक्स-फाइल्स'मधली नाताळची भुतं: नुसती करमणूक की मालिकेतला सर्वांत बोचरा भाग?

कोजागिरी

'द एक्स-फाइल्स' या गूढ, परग्रहवासी आणि सरकारी कटांभोवती फिरणाऱ्या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: त्या वर्षी मालिकेनं भीती सोडली आणि विनोद धरला. पुरावा म्हणून पुढे केला जातो तो 'हाऊ द घोस्ट्स स्टोल ख्रिसमस' हा भाग. १३ डिसेंबर १९९८ ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर दाखवलेला, पर्वातला सहावा. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही मालिकेचा जनक क्रिस कार्टर याचं. मला ही तक्रार मुळातच मान्य नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते, शेवटासकट. नाताळची आदली रात्र. मल्डर आणि स्कली हे एफबीआयचे जोडीदार तपास अधिकारी; तो अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा, ती विज्ञान मानणारी. मेरीलँडमधल्या एका ओसाड हवेलीसमोर मल्डर गाडीत बसून आहे आणि त्यानं स्कलीला बोलावून घेतलंय. तिला घरी जाऊन भेटवस्तू बांधायच्या आहेत, सकाळी सहाला घरच्यांपुढे हजर व्हायचंय. मल्डर तिला हवेलीची कथा ऐकवतो. १९१७ च्या नाताळात मॉरिस आणि लायडा या प्रेमी जोडप्यानं, मेल्यावरही कायम एकत्र राहता यावं म्हणून, इथे ठरवून मरण पत्करलं. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत याच रात्री इथे तीन जोडपी मेली. स्कली निघायला जाते तर गाडीच्या किल्ल्या सापडत नाहीत. ती मल्डरच्या मागे आत शिरते आणि दार बंद होतं.

आत सगळी नेहमीची सामग्री आहे: विजा, करकरणारे जिने, आपोआप बंद होणारी दारं. लाकडी जमिनीच्या फळ्या उचकटल्यावर खाली दोन प्रेतं, आणि त्यांच्या अंगावर याच दोघांचे कपडे. मग ताटातूट होते, दाराच्या जागी विटांची भिंत येते आणि यजमान भेटायला येतात. एड अ‍ॅस्नरचा मॉरिस आणि लिली टॉमलिनची लायडा.

इथून पुढे भुतं जे करतात त्यासाठी मला हा भाग मोलाचा वाटतो. ती ओरडत नाहीत, धावून येत नाहीत. बसवून बोलतात. मॉरिस मल्डरला तोंडावर सांगतो की तू आत्ममग्न आहेस, स्वतःला फार नीतिमान समजतोस, आणि तुला जे दिसतं ते तू एकटा आहेस म्हणून दिसतं. वर विचारतो, तिला इथे आणलंस कसं, गाडीच्या किल्ल्या लपवल्यास का? त्या प्रश्नावर मल्डरचा चेहरा बघा. सहा वर्षांत एकाही परग्रहवासीयानं त्याला इतकं उघडं पाडलेलं नाही. स्कलीला ऐकावं लागतं की कर्तव्य, निष्ठा ही सगळी सबब आहे. त्याला खोटं पाडण्यात तुला जो आनंद मिळतो तेवढाच तुझ्या आयुष्यात आहे.

पुढे दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं आपल्यावर गोळी झाडली. रक्तानं माखून दोघं खाली सरपटत येतात आणि तिथे कळतं की हा सगळा भास होता. पळ काढतात. शेवटच्या प्रसंगात मल्डर घरी एकटा 'अ ख्रिसमस कॅरोल'वरचा १९५१ चा चित्रपट बघत बसलाय आणि स्कली दार वाजवते. आता संवाद ऐका. ती म्हणते, तुला खोटं पाडणं हाच काही माझ्या आयुष्यातला एकमेव आनंद नाही. तो म्हणतो, तुला तिथे यायचं नव्हतं असं मी कधी मनातच आणलं नाही, हा माझा आत्ममग्नपणा झाला. हे शब्द भुतांचे आहेत! हवेलीतून दोघं सुटले, पण भुतांनी लावलेलं निदान दोघंही घरी घेऊन आले. त्यानंतरच तिच्या तोंडून निघतं की कदाचित मलाही तुझ्याबरोबर तिथे असायचं होतं. इतक्या वर्षांचे कट, खून आणि अपहरणं या दोघांना जे बोलायला लावू शकली नव्हती, ते या 'हलक्या' भागानं बोलायला लावलं.

सह्यकडा

मुद्देसूद लिहिलंय, पण असहमत.

शेवटचा प्रसंग सुंदर आहे याबद्दल दुमत नाही. आक्षेप त्याआधीच्या पाऊण तासाला आहे. भुताटकीच्या गोष्टीत एक करार असतो: आत शिरलेल्या माणसाचं काहीतरी पणाला लागलेलं असलं पाहिजे. इथे रक्त वाहतं, दोघं मरणाच्या दारात दिसतात आणि मग "ऊठ, तुला काही झालेलं नाही" म्हणून सुटका. एवढं ओळखलं की संपलं? मग आधीची तीन जोडपी का नाही उठली? त्यांच्यापैकी कुणालाच का कळलं नाही? लेखकानं या प्रश्नाला हातच लावलेला नाही.

विनोदालाही माझा विरोध नाही. याच मालिकेत १९९५ मध्ये डॅरिन मॉर्गननं लिहिलेला 'क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोज' आहे. लोकांचं मरण आधी दिसणारा विमा एजंट. पीटर बॉइलला त्या भूमिकेसाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, मॉर्गनला लेखनासाठी. त्यात हसताना घशात आवंढा अडकतो, कारण मरण खरं असतं, टळत नाही. कार्टरच्या हवेलीत मरण हा देखावा आहे.

शिवाय काळ बघा. जून १९९८ मध्ये मालिकेवरचा चित्रपट आला, त्यानं मालिकेची मूळ कटकारस्थानाची कथा ऐन रंगात आणून ठेवली. मालिकेचं चित्रीकरण व्हँकुव्हरहून लॉस एंजेलिसला गेलं, तो ओला, राखाडी उजेड गेला. आणि अशा वेळी 'ट्रँगल', 'ड्रीमलँड'चे दोन भाग, हा, मग 'द रेन किंग'. एखादा भाग हलका असणं वेगळं आणि पर्वच्या पर्व हलकं होणं वेगळं.

खडूफळा

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे एक गोष्ट खटकली ती मांडतो. १९१७ च्या नाताळाचं वर्णन करताना मल्डर म्हणतो की युरोपात अमेरिकन सैनिक प्रचंड संख्येनं मरत होते आणि मायदेशी जीवघेण्या फ्लूनं लहानथोरांना ग्रासलं होतं. दोन्ही गोष्टी त्या नाताळाला लागू पडत नाहीत. अमेरिका युद्धात उतरली एप्रिल १९१७ मध्ये. डिसेंबरपर्यंत तिचं फार थोडं सैन्य प्रत्यक्ष आघाडीवर पोहोचलं होतं. मोठी मनुष्यहानी झाली ती १९१८ च्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत. फ्लूचंही तेच. कॅन्ससमधल्या लष्करी छावणीतली साथ मार्च १९१८ ची, आणि सर्वांत भयंकर लाट त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आली. आपल्याकडे मुंबईतही ती १९१८ मध्येच पोहोचली.

म्हणजे कथेचा पायाच एक वर्षानं सरकलेला आहे. 'सत्य शोधणाऱ्या' माणसाच्या तोंडी हे घालणं मला ढिसाळपणाचं वाटतं.

कोजागिरी

खडूफळा, ही माहिती फार उपयोगाची आहे. पण ती मला माझ्याच बाजूची वाटते. मल्डर तिथे तपासाचा अहवाल देत नाहीये, तो गोष्ट सांगतोय. अंधारी गाडी, पाऊस, निघायच्या तयारीत असलेली स्कली. तिला थांबवायचं आहे. महायुद्ध, साथ, प्रेमी युगुल असं सगळं तो एका दमात ओततो. मॉरिसचा किल्ल्यांबद्दलचा प्रश्न इतका लागतो तो याचमुळे.

सह्यकडा, आधीची जोडपी का नाही उठली याचं उत्तर भागातच आहे असं मला वाटतं. भुतांची युक्ती एवढीच की एकाला वाटावं, दुसरा माझ्यावर गोळी झाडू शकतो. ज्यांचा यावर विश्वास बसला ते मेले. मल्डर आणि स्कली खाली समोरासमोर आल्यावर एकमेकांना विचारतात आणि मग उठतात. पणाला लागलेलं होतं ते हेच.

तिठा

वेगळा आक्षेप नोंदवते, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ठरवून केलेल्या मृत्यूवर हा भाग उभा आहे. पुढे भुतांचं कामच हे की नवीन जोडप्याला पटवायचं: एकटं जगण्यापेक्षा एकत्र मरा. पार्श्वभूमीला नाताळचं गोड गाणं, आणि सांगणारी दोन लाघवी वयस्कर माणसं. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. सणाच्या दिवसांत एकाकी माणसाला घर किती खायला उठतं हे रोज ऐकते. त्या माणसासमोर हा विषय इतक्या चुरचुरीत संवादांत गुंडाळून ठेवणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

मॉरिस-लायडा वाईट दिसत नाहीत, ही माझी अडचण आहे. शेवटी दोघं शेकोटीजवळ बसतात आणि आपल्याला त्यांच्याबद्दल माया वाटते. ज्यांनी तीन जोडप्यांना मरणाकडे ढकललं त्यांच्याबद्दल माया का वाटावी?

उत्तररात्र

तिठा, तुमचा मुद्दा वाचून मी काल पुन्हा भाग पाहिला. माझ्या मते ती माया फसवी आहे आणि भागाला ते ठाऊक आहे. दंतकथेतलं जोडपं तरुण, देखणं. समोर येतात ते कोण? साठी-सत्तरीकडे झुकलेले, एकमेकांवर चिडचिडणारे, ओसरत्या नावलौकिकाची चिंता करणारे. मागच्या वर्षी कुणी फिरकलंच नाही, असंच चाललं तर पर्यटनाच्या माहितीपत्रकातून आपलं नाव जाईल, असं ते बोलतात. अमर प्रेमासाठी जीव दिला आणि पदरात हे पडलं. स्कलीला त्यांची खरी अवस्था दिसते तेव्हा मॉरिसच्या डोक्यात आरपार भोक आहे आणि लायडाच्या पोटात जखम. आधी घरगुती बोलणं आणि मग हे, म्हणून तो क्षण अंगावर येतो. स्कली तिथल्या तिथे बेशुद्ध पडते. ठरवून मरण्याचं उदात्तीकरण करायचं असतं तर त्या जागी दोन तरुण, सुंदर चेहरे आले असते.

अभिनेत्यांची निवडही बघा. अ‍ॅस्नर अमेरिकन प्रेक्षकांना 'द मेरी टायलर मूर शो'मधला खडूस पण प्रेमळ बॉस म्हणून घरच्यासारखा, टॉमलिन विनोदी अभिनेत्री म्हणून. त्यांच्यावर आपला आधीच विश्वास असतो आणि भुतं त्याचाच फायदा घेतात. अख्ख्या भागात कलाकार फक्त चार. चार माणसांच्या बळावर तो तोलून धरायचा तर संवादांनाच सगळं ओझं उचलावं लागतं, आणि ते उचलतात.

राहिली नाताळची गोष्ट. इंग्रजी परंपरेत नाताळच्या आदल्या रात्री भुतांच्या गोष्टी सांगणं जुनंच आहे. डिकन्सनं १८४३ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिलं ते याच परंपरेत. तिथेही भुतं येतात ती माणसाला त्याचं आयुष्य दाखवायला. मल्डर शेवटी तीच कथा टीव्हीवर बघतोय.

पाऊलखुणा

वाचतोय कालपासून. आमच्या गावाकडच्या (वेंगुर्ल्याजवळ) गोष्टींत भुताला काहीतरी हवं असतं. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते म्हणून तो पिंपळावर बसतो. हडळीचा जीव कशात तरी अडकलेला असतो. गाऱ्हाणं घालतात, मान देतात, मग ते शांत होतं. भुताचं आणि माणसाचं देणंघेणं पूर्ण होतं.

मॉरिस-लायडाला काहीच नकोय. सुटका नको, नैवेद्य नको. त्यांना फक्त दुसऱ्या जोडप्यानं आपल्यासारखं करावं एवढंच हवंय, म्हणजे आपण केलं ते बरोबर होतं असं वाटेल. मला हे हडळीपेक्षा भयानक वाटलं, कारण याला उतारा नाही. कोकणातलं भूत तुमच्याशी व्यवहार करतं. हे दोघं तुम्हाला सल्ला देतात.

सह्यकडा यांचं 'भीती नाही' हे म्हणून पटत नाही. स्कली हवेलीत शिरताना लांबलचक बोलते, की भुतं म्हणजे हजारो भयपटांनी डोक्यात ठासलेल्या कल्पना आहेत वगैरे. बोलता बोलता तिचा आवाज चढत जातो, वाक्यं संपेनाशी होतात. घाबरलेला शहाणा माणूस असाच बोलतो. जिलियन अँडरसननं ते एका दमात केलंय.

तिठा

उत्तररात्र, वयाचा मुद्दा पटला. तो मी विचारात घेतला नव्हता. पण पडद्यामागचा हेतू आणि एकट्यानं रात्री बघणाऱ्यापर्यंत पोहोचणारी गोष्ट यांत अंतर असतं, यावर मी ठाम आहे. जखमेचं दृश्य काही सेकंदांचं आहे, गाणं मात्र शेवटपर्यंत वाजत राहतं.

सह्यकडा

पाऊलखुणा, स्कलीच्या त्या बोलण्याबद्दल पूर्ण सहमत. तो प्रसंग भीतीचाच आहे. कोजागिरी, विश्वासाचा खुलासाही मान्य, तो मला आधी दिसला नव्हता.

तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. भुतांनी इतकं खोल निदान केलं, दोघांनी ते शब्दांसकट स्वीकारलं, मग पुढे काय? पुढचा भाग ३ जानेवारी १९९९ चा, 'टर्म्स ऑफ एन्डिअरमेंट'. सैतानी बापाची स्वतंत्र कथा. त्यात या रात्रीचा मागमूस नाही. मल्डर स्कलीला गृहीत धरणं थांबवत नाही, आणि त्याच पर्वात डायना फाउलीवरून (एफबीआयमधली त्याची जुनी सहकारी) तो स्कलीचं म्हणणं कसं झिडकारतो ते आठवा. जे बोललं गेलं ते मालिकेनं लक्षात ठेवलं असतं तर मी हा भाग महत्त्वाचा मानला असता. विसरून गेलेल्या कबुलीला मी किती किंमत द्यावी?

कोजागिरी

डायनाचा मुद्दा बिनतोड आहे. पण ज्या मल्डरनं नाताळात "हा माझा आत्ममग्नपणा" असं म्हटलं, त्यानंच दोन महिन्यांत स्कलीचा पुरावा बाजूला सारला, म्हणून ते झिडकारणं मला जास्त लागतं. मालिका विसरली असेल. मी त्याच पर्वातला 'वन सन' हा भाग बघताना विसरू शकले नाही. त्यात स्कली फाउलीबद्दलची माहिती समोर ठेवते आणि तो ऐकून घेत नाही. आधी नाताळचा भाग आणि लगेच 'वन सन' असे पाठोपाठ बघा, आणि मग इथे लिहा.

सह्यकडा

बघतो. शनिवारी रात्री दोन्ही लावतो. मत बदललं नाही तरी लिहीन.