मदत हवी आहे: टीएफडब्ल्यूएस की ईबीसी सवलत?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा घोळ सुटेना झालाय. बाबा गोकुळ शिरगावात फाउंड्रीत आहेत, उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या मर्यादेच्या बराच आत.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात टीएफडब्ल्यूएसची जागा मिळतेय, म्हणजे ट्यूशन फी पूर्ण माफ. पुण्यातल्या कॉलेजात ब्रँच चांगली, पण तिथं राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून (हीच ती ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत) निम्मीच ट्यूशन फी सुटते. (मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे, त्यामुळं ताईचं बरं झालं. ती मजेत चिडवतेय त्याला.)

खरी अडचण वरच्या खर्चाची आहे. डेव्हलपमेंट फी दोन्हीकडं भरायचीच, आणि पुण्यात वर खोली, मेस. कागदावर ‘निम्मी फी’ दिसते, पण चार वर्षांचा आकडा मांडला की घाम फुटतो. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता कुणाला मिळालाय का? महाडीबीटीचे (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) पैसे साधारण कधी जमा होतात? तोवर कॉलेज थांबतं, की आधी सगळी फी मागतं?

मला तर वाटतंय त्यानं इथंच कोल्हापुरात राहावं, पण भाऊ ऐकत नाही. ज्यांनी दोन्ही हिशेब केलेत त्यांनी खरे आकडे सांगा की.