मदत हवी आहे: सायपाय स्प्रिंटसाठी कामं कशी निवडायची?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या एका रविवारी नागपूरच्या धरमपेठेत आम्ही १५-२० जण सायपायसाठी (पायथनमधली वैज्ञानिक गणिताची ओपन सोर्स लायब्ररी) कोडिंग स्प्रिंट करायचं म्हणतोय, म्हणजे दिवसभर एकत्र बसून तिच्यात सुधारणा करायच्या. जागा मिळाली, तर्री-पोह्यांचीही सोय झाली. घोडं अडलंय ते कामांच्या यादीवर.

मागच्या वेळी एका कॉलेजात केलं तेव्हा पार फजिती झाली. सायपायमध्ये नुसतं पायथन नाही, सी आणि सी प्लस प्लससुद्धा आहे, म्हणजे सोर्सवरून बिल्ड करायला (मूळ कोडपासून चालवता येईल अशी लायब्ररी बनवायला) कंपायलर आला. सकाळी १० ला बसलेली पोरं दुपारी २ पर्यंत बिल्डच करून राहिली होती, आणि वायफायनं ११ लाच मान टाकली. वर 'गुड फर्स्ट इश्यू'चं (नवख्यांना जमेल असं काम) लेबल पाहून चौघांनी एकच इश्यू धरला, त्यावरही कुणाची तरी पुल रिक्वेस्ट (केलेला बदल सामील करून घ्यायची विनंती) आधीच उघडी!

या वेळी बिल्ड घरूनच करून आणा असं सांगणार आहे. (निम्मे आणणार नाहीत, ठाऊक आहे.) नवख्यांना डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या कोडातच लिहिलेली त्याची माहिती) उदाहरणं घालायला द्यावीत असं वाटतं. काम आटोपशीर, आणि उदाहरणाचं आउटपुट डॉकटेस्टनं (अशी उदाहरणं चालवून पाहणारं साधन) तिथल्या तिथे तपासता येतं. पण सी प्लस प्लस येणाऱ्या तिघांना एका दिवसात हातावेगळं होईल असं काय द्यावं? मेंटेनरना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) किती दिवस आधी कळवावं? एकदम १५ पुल रिक्वेस्ट आदळल्या तर तपासणारेही बहुतेक स्वयंसेवकच.

कुणी असं स्प्रिंट चालवलं असेल तर सांगा बा. विंडोजवाल्यांना सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकायला सांगू का, तेही कळवा.